पडदा लावण्याआधी

‘नेकेड आयलंड’ या जपानी चित्रपटात कुणी बोलत नाही. शाळेतली पोरं गाणं म्हणतात, एक बाई ऊर फुटेस्तोवर रडते, वल्ह्याचा आणि पाण्याचा आवाज सारखा कानावर पडतो, हिकारू हायाशी यांचं संगीत फिरून फिरून येतं. पण दीड तासात नवरा-बायकोच्या तोंडी एक वाक्य नाही. कानेतो शिंदो यांनी हा चित्रपट १९६० साली काढला. जपानच्या सेतो समुद्रातलं चिमुकलं बेट, त्यावर गोड्या पाण्याचा टिपूस नाही, आणि उतारावर शेती करणारं चार माणसांचं घर. शेजारच्या मोठ्या बेटावरून होडीतून पाणी आणायचं, कावडीनं चढावर न्यायचं, ओगराळ्यानं एकेका रोपाच्या बुडाशी घालायचं. संपलं की पुन्हा होडी. गोष्ट म्हणून सांगायची तर एवढीच.

हा चित्रपट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांमधून बायकांना फुकट दाखवावा असं ज्यांच्या मनात आहे, ते बचत गट, वाचनालयं, महिला मंडळं, कॉलेजची पोरंपोरी, यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. पाहायला येणाऱ्यांनी ती वाचायची गरज नाही. वाचूच नये म्हटलं तरी चालेल. त्यांना चित्रपट आपल्याहून लवकर कळणार आहे. दाखवणाऱ्यांचं तसं नसतं. आपल्याला समजावून सांगायची खोड असते आणि माईक हातात आला की ती बळावते. ही प्रस्तावना लांबली आहे ती त्या खोडीवर उतारा म्हणून.

मग हाच चित्रपट का? बाईचं जिणं हा जपानी सिनेमाचा जुना आणि मानाचा प्रांत. केंजी मिझोगुची या दिग्दर्शकाच्या घरी वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा मोठ्या बहिणीला दत्तक देऊन टाकलं आणि ती पुढे गेशा झाली. विकल्या गेलेल्या बायका त्यांच्या चित्रपटांतून शेवटपर्यंत हटल्या नाहीत. ‘लाइफ ऑफ ओहारू’ १९५२ चा. ‘स्ट्रीट ऑफ शेम’ हा वेश्यावस्तीतल्या बायकांवरचा त्यांचा अखेरचा चित्रपट मार्च १९५६ मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या संसदेनं वेश्याव्यवसायविरोधी कायदा केला. नगरमध्ये ‘स्नेहालय’ ही संस्था १९८९ पासून अशाच बायका-मुलांमध्ये काम करते आहे. अशा ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी ‘स्ट्रीट ऑफ शेम’ आपसांत जरूर पाहावा. केइसुके किनोशितांचा ‘ट्वेंटी-फोर आइज’ एका बेटावरच्या शाळामास्तरीणबाईंचा आहे. बारा पोरं, त्यांचे चोवीस डोळे, १९२८ ते युद्धानंतरपर्यंतचा काळ. बाई सायकलवरून शाळेत येतात म्हणून गाव कुजबुजतं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे ज्या नगरच्या मिस फॅरारबाईंकडे घेतले, त्या नगरच्या डी.एड.च्या मुलींना हा चित्रपट दाखवला नाही तर कुणाला दाखवायचा? पण तो अडीच तासांहून मोठा आहे आणि संवादांनी भरलेला. मिकिओ नारुसेंचा ‘व्हेन अ वुमन असेन्ड्स द स्टेअर्स’ माझा स्वत:चा आवडता. तोही संवादांवर चालतो. खाली इंग्रजी अक्षरं पळणार, ती वाचेस्तोवर चित्र पुढे जाणार, आणि मग पुढच्या रांगेतला एखादा हुशार मुलगा मोठ्यानं भाषांतर करत बसणार. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, त्यांची ती कलाच होती. आपल्या हुशार मुलाची नसते.

शिंदोंच्या चित्रपटाला बेन्शीही नको आणि अक्षरंही नकोत. गावात दाखवण्याच्या दृष्टीनं ही अर्धी अडचण मिटली. उरलेली अर्धी आपल्या डोक्यात आहे, तिच्याबद्दल पुढे.

या जिल्ह्याला हा चित्रपट परका वाटणार नाही, हे सांगायला फार पुरावा लागत नाही. क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा, आणि त्याचे सरळसरळ दोन जिल्हे होतील इतकं उत्तर-दक्षिणेत अंतर. उत्तरेला १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदरा, प्रवरेचे कालवे, ऊस, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं हे गावाच्या वेळापत्रकात बसलेलं. पैठणहून गोदेचं पाणी कावडीनं मढीला कानिफनाथांकडे येतं ते भक्तीचं. बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि कडेवर पोर घेऊन जे पाणी आणत आल्या त्याला कुणी ढोल वाजवला नाही. आता पाइपलाइनी झाल्या, नळ आले, काही गावांत नळाला पाणीही येतं. पण पासष्टी-सत्तरीच्या बायकांना बहात्तरचा दुष्काळ अंगावर आठवतो. खडी, सुकडी, मिलो हे दुष्काळी कामांवरचे आणि रेशनवरचे तीन शब्द उच्चारा आणि बाजूला बसा.

आणि ऊसतोड. पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या घरांना दसरा-दिवाळी उरकली की कारखान्यांच्या वाटा धराव्या लागतात. तिथं मजूर मोजायचं माप म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल बहुतेक नवऱ्याच्या हाती पडते, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून चढते. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की दोघं उठतात, पण चूल पेटवायला ती त्याच्याही आधी उठलेली असते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तेव्हा कुठं शहरातल्या लोकांना कळलं की त्या अर्ध्या कोयत्याला शरीर असतं. पाथर्डीची शीव बीडला लागूनच आहे.

शिंदोंच्या बेटावरही असाच एक कोयता राहतो. नवरा सेंता, बायको तोयो. चित्रपटात कुणी कुणाला हाक मारत नाही, त्यामुळे नावं लक्षात ठेवायची गरज नाही. तायजी तोनोयामा आणि नोबुको ओतोवा हे त्यांतले नट. ओतोवा मोठ्या स्टुडिओच्या झगमगाटातली नटी, ती सोडून शिंदोंच्या छोट्या कंपनीत आलेली. इथं तिच्या डोक्याला फडकं, डोक्यावर टोपी, खांद्यावर आडवी काठी आणि काठीच्या दोन टोकांना दोन बादल्या. कॅमेरा तिच्या पायांकडे पुन:पुन्हा जातो. पाऊल टाकायच्या आधी ते चाचपडतं, दगड हलत नाही ना बघतं, मग त्यावर वजन येतं. खांद्यावरची काठी लवते, बादल्या हिंदकळतात, ती गुडघ्यांनी तो हिसका पचवते. हे कसब कुणाही नटीला एका दिवसात येत नाही, आणि ते खरं आहे की खोटं हे ओळखणारा प्रेक्षक मुंबईच्या फिल्म सोसायटीत थोडा, पाथर्डीत सगळा.

एकदा तिचा तोल जातो. एक बादली कलंडते आणि पाणी जमिनीत मुरतं. नवरा आपली कावड खाली ठेवून येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. ती पडते. दोघंही काही बोलत नाहीत, काम पुढे सुरू होतं. या ठिकाणी पडद्यासमोर काय होईल ते आधीच सांगून ठेवतो: थोडी चुळबुळ, कुणाचं तरी हसू, एखाद्या म्हातारीचं ‘आगं बाई’. त्या हसण्यावर कुणाला गप्प करू नका. ते कशाचं हसू आहे हे हसणारीला पक्कं ठाऊक असतं.

नवऱ्याला खलनायक करायची घाईही नको. तो आळशी नाही, दारुडा नाही. तिच्याइतक्याच बादल्या वाहतो, रात्री तिच्याइतकाच मोडलेला असतो. दमणूक दोघांची सारखी आहे. थपडेचा हक्क एकाचाच. शिंदोंनी हे कुठंही अधोरेखित केलेलं नाही. एवढंच केलं आहे की चित्रपटाच्या शेवटाकडे असाच एक प्रसंग पुन्हा आणला. मोठा मुलगा तापानं जातो. बाप होडी घेऊन डॉक्टर शोधत फिरतो. डॉक्टर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. शाळेतली मुलं आणि मास्तरीण होडीतून अंत्यविधीला येतात, परत जातात. आणि नेहमीसारखं पाणी घालता घालता तोयो एकाएकी बादली उपडी करते. आपल्या हातानं. मग रोपं उपटायला लागते, जमिनीवर लोळण घेऊन आक्रोश करते. सेंता उभा राहून बघतो. या वेळी हात उचलत नाही, जवळही येत नाही. काही वेळानं ती उठते आणि उरलेलं पाणी रोपांना घालू लागते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की चित्रपट कुणाचा आहे ते कळतं. नाहीतर तो ‘कष्टाचं महाकाव्य’ होऊन बसतो, आणि जगभर झालंही तसंच. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, साठाहून अधिक देशांत तो विकला गेला, कर्जात बुडालेली शिंदोंची कंपनी त्याच्या पैशावर तरली. निसर्गाशी मुंगीसारखा झुंजणारा माणूस, अशा शब्दांत त्याचं कौतुक झालं. दिग्दर्शकाच्या मनातही बऱ्याच अंशी तेच होतं. मला ते अपुरं वाटतं. थोबाडीत निसर्ग मारत नाही. बेटावर पाणी नसणं हा निसर्ग. पिकलेल्या धान्यातला वाटा जमीनमालकाच्या दारात नेऊन घालावा लागणं हा निसर्ग नव्हे.

शिंदोंना हे आतून माहीत होतं. १९१२ साली हिरोशिमा भागातल्या एका खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. वडील कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिले आणि सगळी जमीन गेली. थोरली भावंडं कामाच्या शोधात बाहेर पडली, उरलेलं घर एका कोठारात राहायला गेलं. आई दुसऱ्यांच्या शेतावर राबायला लागली आणि मुलगा लहान असतानाच वारली. पुढे हा मुलगा शंभर वर्षं जगला, २०१२ पर्यंत. जामीन राहून जमीन गेल्याची गोष्ट आपल्याकडे कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. त्यानंतर कुणाच्या बांधावर कोण राबायला गेलं, ते गोष्टीत नसतं.

म्हणून दाखवणाऱ्यांना पहिली विनंती ही, की खेळानंतर माईक घेऊन ‘आपल्या माताभगिनी किती कष्टाळू’ असं म्हणू नका. बाईच्या कष्टाचं कौतुक करणं आपल्याला फार सोपं जातं. महिलादिनाला आपण ते करतो, सत्कारात करतो, साडी देऊन करतो आणि हंडा जिथं होता तिथं ठेवून घरी जातो. दुसरी विनंती ही, की ‘पाणी अडवा-पाणी जिरवा’वर भाषण नको. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार याच जिल्ह्यात आहेत, पाणलोटाचं कुणाला शिकवायला नको. त्या कामानं बायकांच्या डोक्यावरचा भार खरोखर कमी केला, हेही खरं. पण त्याच्यासाठी दुसरे माहितीपट पुष्कळ आहेत.

गावात फुकट सिनेमा म्हटलं की काहीतरी शिकवायला आलेत, हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत झालेलं आहे. सरकारी गाडी यायची, पांढरा पडदा लागायचा, कुटुंबनियोजनाची किंवा खतांची फिल्म सुरू व्हायची, लांबलचक. शेवटी एखाद्या खऱ्या सिनेमाची लालूच. पैसे देऊन पाहायचा सिनेमा जत्रेतल्या तंबूत. तंबूत मध्ये कनात, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. दोन्ही अंगांना धूळ सारखीच. मढी, मोहटा अशा जत्रांतून या तंबूंनी जिल्ह्याला सिनेमा दाखवला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. तोवर तंबूवाल्यांची सद्दी संपत आली होती. सिनेमा करणाराही इथूनच घडतो. नगरच्या न्यू आर्ट्‌स कॉलेजात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा या मातीला सिनेमा कळत नाही असं समजून कुणी पायरी खाली उतरून बोलू नये.

आता थोडं व्यवहाराचं. फुकट याचा अर्थ पाहणाऱ्याला फुकट. चित्रपटाचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्यावी लागते, सार्वजनिक खेळाला लागणारी कागदपत्रं करावी लागतात. इंटरनेटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर आणलेली प्रत चालणार नाही, शिवाय तिच्यातलं चित्रही बहुधा धुरकट असतं. या चित्रपटात पडदा रुंद लागतो. एका टोकाला होडी, दुसऱ्या टोकाला बेट, मधे नुसतं पाणी, अशी चित्रं आहेत. चादरीवर चौकोनी करून दाखवलीत तर होडी किंवा बेट यांपैकी एक कापलं जाईल. आवाज नीट हवा. संवाद नाहीत म्हणून भोंगा कसाही चालेल असं नव्हे, उलट इथं आवाजावरच सगळं आहे.

वेळ बायकांना विचारून ठरवा. संध्याकाळी सात ही कार्यक्रमाची वेळ पुरुषांनी ठरवलेली असते. त्या वेळी भाकरी थापायच्या असतात. भांडी घासून हात पुसून माणूस मोकळं होतं नऊच्या सुमारास, तेही लाइट असेल तर. दुपारी बाराला, बचत गटाच्या बैठकीला जोडून, समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लावून खेळ करता आला तर अधिक चांगलं. ऊसतोडीला गेलेली घरं परत आल्यावर करायचा असेल तर गुढीपाडव्यानंतर. बायकांना पुढे बसवा. मागे देवळाच्या पायऱ्यांवर बसून पुरुषांच्या टोप्यांमधून सिनेमा पाहायची सवय त्यांनीच मोडायची म्हटलं तर कधी मोडणार?

आणि प्रमुख पाहुणे नकोत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, एवढ्यात पाऊण तास जातो, पोरं पेंगतात, निम्म्या बाया उठून जातात आणि सिनेमा उरलेल्यांना दाखवला जातो. सरपंचबाई आल्या तर सतरंजीवर बसतील. त्यांचे मिस्टर आले तर तेही.

खेळानंतर बोलणं झालं तर उत्तम, नाही झालं तरी काही बिघडलं नाही. शेतकरी बायका पहिल्यांदा चुका काढतील. भर उन्हात रोपांना पाणी कोण घालतं? पावसाचं पाणी साठवायला एक टाकं का बांधलं नाही? पाण्याच्या बेटावर जाऊन मजुरी का करत नाहीत? हे प्रश्न खरे आहेत, त्यांना ‘ते प्रतीकात्मक आहे’ असं सांगून झटकू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर सभेतच मिळेल. पदरात एकर-दीड एकर खडकाळ रान असलेली एखादी बाईच सांगेल, ते सोडवत का नाही ते.

डॉक्टर उशिरा येतो त्या प्रसंगावर जामखेडच्या बाजूला वेगळी चर्चा होईल. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं, तेव्हा प्रश्न नेमका हाच होता: डॉक्टर गावापर्यंत पोचत नाही आणि पोर तेवढ्यात जातं. त्यांनी गावातल्याच, कमी शिकलेल्या, काही तर अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपणातली स्वच्छता, तापाची लक्षणं, हे सगळं त्या करायला आणि गावाला शिकवायला लागल्या. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेड पाहायला येऊ लागले. अशी एखादी जुनी सेविका पंचक्रोशीत असेल तर तिला बोलावून आणा. तोयोच्या पोराला काय झालं असावं आणि आपण काय केलं असतं, हे ती पाहुण्यांच्या भाषणापेक्षा नेमकं सांगेल.

बोलणं रेंगाळलं तर एकच प्रश्न आपण विचारायचा. दुसऱ्या वेळी त्यानं तिला का मारलं नाही? त्याला दया आली म्हणून, की तोही हरला होता म्हणून, की तिनं पाणी मुद्दाम सांडलं हे त्याला पेललं नाही म्हणून? मला यातलं तिसरं पटतं, पण ते सांगायचं नाही. पुरुष बसले असतील तर आधी त्यांना विचारायचं. उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्यावा.

जाता जाता एक बारीक गोष्ट. दीड-दोन तास माणसं बसणार म्हणजे प्यायच्या पाण्याची सोय लागेल. जारवाला गावात असतोच. तो जार मागवायचं, उचलून आणायचं, पेले मांडायचं, आणि नंतर सतरंज्या झटकून घड्या घालायचं काम तरुण मंडळाकडे द्यावं, आणि तसं पत्रिकेवर छापावं.